न हलणारा स्टँड

वीरेश हुक्केरी शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत कर्जाची प्रकरणं तपासायचा, आणि त्रुटी काढण्यात त्याचा हात धरणारा माणूस सबंध संस्थेत नव्हता. जामीनदाराची सही जरा तिरकी आली, फोटोत कान झाकला गेला, की कागद परत. पहिल्या फेरीत त्याच्या टेबलावरून प्रकरण पुढे सरकलंय असं कुणाच्या ऐकिवात नाही. लोक त्याला समोर साहेब म्हणायचे आणि जिना उतरताना दुसरं काहीतरी. दोन्ही गोष्टी तो कामाची पोच म्हणून स्वीकारायचा. असल्या माणसाने आपल्या बापाचा आवाज रेकॉर्ड करायला घेतला, तेव्हाच खरं तर कुणीतरी मधे पडायला हवं होतं.

बाप म्हणजे नागाप्पा, घरचे आप्पा. कागलपासून थेट शाहूवाडीच्या डोंगरापर्यंत कुस्तीचं मैदान म्हटलं की पुकारायला नागाप्पाच. उजव्या हातात माईक, डाव्या कोपरावर वायरीची वेटोळी आणि आखाड्याच्या कडेने सारखी फेरी. पैलवान डावीकडे कलला की हे डावीकडे कलणार, पट निघाला की ह्यांचा गुडघा वाकणार. एकदा तर एका जोडीबरोबर हेही वायरीत गुंतून मातीत आले आणि पडल्या जागेवरून निकाल सांगून मोकळे झाले. पैलवानाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, सगळं तोंडपाठ; हातात चिठ्ठी कधी नाही. आणि एक पद्धत त्यांनी कधी मोडली नाही. निकाल सांगताना हरलेल्याचं नाव आधी घ्यायचं. जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायला गाव असतं; हरलेला लंगोट झाडत एकटाच निघालेला असतो. "त्येला कुणीतरी हाक मारली पायजे का नगो?" एवढंच त्यांचं म्हणणं.

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि बाहेर पडता पडता वीरेशला हळूच म्हणाले, "आवाजही बारीक होत जाईल. काहींचा हळूहळू होतो, काहींचा पटकन."

वीरेशने त्याच आठवड्यात माईक घेतला. पुढच्या रविवारी सकाळी आप्पांना हॉलमध्ये उभं केलं आणि माईक त्यांच्या हातात दिला. आप्पांनी वायर कोपरावर घेतली, घसा खाकरला, आणि सोफा, टीपॉय, फ्रिज असा आखाडा धरून फेरी सुरू केली. हातकणंगल्याच्या मैदानातली, त्यांच्या तरुणपणीची एक कुस्ती त्यांनी लावली. कोण कुठे उभा होता, कुणी कुणाचा घिस्स्याचा डाव कसा उधळला, पंचाची टोपी कुठे पडली, सगळं. आवाज असा की समोरच्या बंगल्यातले गृहस्थ गॅलरीत येऊन उभे राहिले. वीरेशची बायको दानेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली ती राहिलीच, आणि आत दूध उतू गेलं.

कुस्ती निकाली झाली तेव्हा आप्पा घामाने डबडबले होते.

"भरलं का रं समदं?"

"भरलं."

"आरं, त्या हातकणंगल्यातबी मला असं जमलं नव्हतं," आप्पा म्हणाले आणि सोफ्यावर बसले. थरथरता हात दुसऱ्या हाताखाली दाबून ते बराच वेळ हसत होते.

दुपारी वीरेशने हेडफोन लावून ते सगळं तपासलं. तपासलं हाच शब्द. आवाजाखालून एक गुडगुड येत होती, चौकात इंजिन चालू ठेवून रिक्षा उभी असावी तशी. हात थरथरत होता तो माईकमध्ये उतरला होता. वीरेशने दोनदा ऐकलं. मग पतसंस्थेत जे केलं असतं तेच घरी केलं. पुसून टाकलं.

"पुसलं?" दानेश्वरी म्हणाली. "अहो, असू द्यायचं की!"

"खराब होतं. खराब ठेवून करायचंय काय? एक स्टँड आणू, त्याला माईक लावू, हात लावायचं कामच नाही. मग एकदाच स्वच्छ करू."

"मामांना सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? पुन्हा करायचंच आहे."

इथून स्टँडचा शोध सुरू झाला. बाजारात माईकचे स्टँड किती प्रकारचे असतात हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस सुखी समजावा. टेबलाला चिमट्याने लावायचे, तीन पायांचे, गोल बुडाचे, मान वळणारे, मान मोडणारे. वीरेशने लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एकाने लिहिलं होतं की स्टँड उत्तम आहे, फक्त उभा राहत नाही. वीरेश ऑफिस सुटल्यावर रोज थोडं वाचायचा आणि विकत घेता घेता रोज मागे सरायचा. स्वस्त हवा आणि हलता कामा नये, एवढ्या दोनच त्याच्या अटी होत्या. पण कर्जदाराप्रमाणे स्टँडमध्येही ह्या दोन गोष्टी एकत्र सापडणं कठीण.

पहिला आला तो टेबलाला लावायचा, स्प्रिंगच्या हाताचा. तो जेवणाच्या टेबलाला लावला. आप्पांना खुर्चीवर बसवलं.

"हलू नका हं आप्पा. टेबलाला हात लावू नका. गुडघाही नको."

"मग करू काय?"

"बोला."

आप्पांनी माईककडे बघितलं. माईकने आप्पांकडे बघितलं. "नमस्कार," आप्पा म्हणाले, आणि थांबले. जन्मात त्यांनी मैदानात कुणाला नमस्कार म्हटलेलं नव्हतं. मग त्यांचा गुडघा टेबलाला लागला आणि स्प्रिंग म्हाताऱ्या कुत्र्यासारखी कुईं करून ओरडली.

"ह्यो माज्याआधी पुकारतोय," आप्पा म्हणाले.

तो परत पाठवला. परत पाठवायला आठवडा, पैसे यायला आणखी. दुसरा आला तीन पायांचा, उंच, वर आडवी दांडी. त्याला सगळ्यांनी भरभरून वाखाणलं होतं. त्याच्या दांडीची पकड प्लॅस्टिकची होती. आप्पांनी बोलायला सुरुवात केली की दांडी सावकाश, आदबीने, खाली झुकायला लागायची. आप्पाही माईकच्या मागे मागे खाली. कुस्ती रंगात येईपर्यंत आप्पांची हनुवटी छातीला टेकलेली असे.

"वीरेश, ह्यो मला चितपट करायला बगतोय रं."

दानेश्वरी हसली. वीरेश हसला नाही. तो पकडीचा स्क्रू आवळत होता. आप्पा हसले, पण ते हसणं हॉलच्या त्या टोकाला पोहोचलं नाही. हे फक्त दानेश्वरीच्या लक्षात आलं.

"अहो, मामांच्या हातात द्या माईक," ती म्हणाली. "गुडगुड तर गुडगुड."

"एकदा करायचं तर नीट करू."

संक्रांत गेली. महाशिवरात्रीला आप्पांनी देवासमोर म्हटलेलं शेजारी बसलेल्याला ऐकू आलं नाही. फोनवर लोक "हॅलो, हॅलो" करत राहायचे आणि आप्पा बोलत असायचे. मग त्यांनी फोन घेणं सोडलं.

शेवटी वीरेश लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात गेला. साउंडचं सामान विकणारा पारस गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "या पावणं. गायक का?"

"वडलांसाठी हवाय."

"भजन?"

"कुस्ती."

पारसने चष्मा वर केला. "कुस्तीला स्टँड?"

"ते पुकारतात. घरी रेकॉर्ड करायचंय. हलता कामा नये."

"मग त्या ऑनलाइनच्या काड्या कशाला बगताय? ह्यो न्या." त्याने आतून एक स्टँड ओढत आणला. खाली बिडाचं गोल बूड, जात्याच्या तळीसारखं, लोखंडी दांडा, आडव्या दांडीच्या मागच्या टोकाला वजन. वीरेशने हलवून बघितला. ढकलून बघितला. शेवटी पायाने एक रट्टा दिला आणि त्याचंच बोट दुखलं.

"भूकंप आला तर ह्येलाच धरून उभं ऱ्हावा," पारस म्हणाला. "फकस्त उचलाय दोघं लागत्यात."

भाव परवडण्यासारखा होता. इतके दिवस घरापासून दहा मिनिटांवर तो उभाच होता. वीरेशने पारसच्या माणसाकडून तो स्कूटरच्या पायाशी चढवून घेतला आणि घरी आला तेव्हा त्याला कर्ज मंजूर झालेल्या माणसासारखं हलकं वाटत होतं.

घरात पाहुणे होते. आप्पांच्या मूळ गावचे, मैदान कमिटीचे हंबीरराव. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा आणि घर विटेवीट हादरेल असा आवाज.

"या साहेब! चैत्रात यात्रा हाय. मैदानाचा नारळ नागाप्पांच्या आवाजात फुटतोय, ह्ये आमच्या बापापास्नं चालत आलंय. आता ह्येंचं असं झालंय. म्हटलं, इचारावं तर खरं."

आप्पांनी हात वर केला. खोली गप्प झाली, कारण गप्प झाल्याशिवाय आता त्यांचं ऐकू येत नसे. कागदावरून बोट फिरवावं तसा आवाज आला.

"पोरानं भरून ठिवलंय. दिवाळीत. त्येच लावा."

"काय सांगताय! समदं?"

"समदं. हातकणंगल्याची कुस्ती. असं आलंय हंबीरराव..." आप्पांना पुढे बोलवेना. डोळ्यांत मात्र हॉलभरची ती फेरी उभी होती.

हंबीररावांनी वीरेशच्या पाठीवर थाप मारली. "ह्येला म्हणत्यात ल्योक! आमची पोरं बापाचा आवाज ऐकला की मोटारसायकल काढत्यात." मग ते निघून गेले. स्टँड दाराशी उभा होता. दानेश्वरी वीरेशकडे बघत होती. त्याने स्टँड ढकलत आत आणला.

"आप्पा, एकदा पुन्हा करू या. हा बघा, चांगला स्टँड आणलाय. जरासुद्धा हलत नाही."

"कशाला?" आप्पा कुजबुजले. "पयलं हाय की. त्या दिशी आलं तसं आता न्हाय यायचं. मला कळतंय ते."

"तरी पण..."

"जरा ऐकीव तरी. म्या ऐकलंच न्हाय अजून."

दानेश्वरी उठून आत गेली. ती गेली नसती तर वीरेशने पेनड्राइव्हची वगैरे एखादी सबब सांगितली असती. सबबी त्याला ऐकून ऐकून पाठ होत्या. पण ती गेली, आणि आत भांडी काढण्याचा आवाज आला नाही; दाराआड ती ऐकत होती.

"ते नाहीय, आप्पा."

"कुटं गेलं?"

"मी पुसलं. नवीन चांगलं करू म्हणून."

"काय खोट हुती त्यात?" आप्पांनी विचारलं. रागाने नव्हे. वस्तादाला विचारावं तसं.

"आवाजात खोट नव्हती. खाली गुडगुड येत होती. हाताची."

आप्पांनी आपला हात मांडीवरून उचलला आणि बघितला. तो थरथरत होता. परक्याच्या घरचं पोर आपल्या अंगणात खेळताना बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"मैदानात हलगी असतीया," ते म्हणाले. वीरेशला वाकून कान द्यावा लागला. "घुमकं असतंया. पोरं बोंबलत्यात. शेंगावाला वरडतोय. इतक्या वर्सांत कुणी म्हटलं न्हाय बाबा, गुडगुड येतीया म्हणून."

वीरेशला प्रकरण परत करताना म्हणायचं एक वाक्य येत होतं, पण ते इथे लागू नव्हतं.

"लाव," आप्पा म्हणाले. "तुजं ते लाव. हंबीरराव आता तोंड भरून सांगत्याल गावाला."

स्टँडने कसलीही तक्रार केली नाही. दांडी झुकली नाही, स्प्रिंग ओरडली नाही. वीरेशने माईक आप्पांच्या ओठांपाशी आणला, आवाजाची पातळी होती तेवढी चढवली आणि हेडफोन लावले. आप्पा खुर्चीत बसून होते. उभं राहून फेरी धरायचं आता पायांत नव्हतं. त्यांनी आधी गावाचं नाव घेतलं, ग्रामदैवताचं घेतलं, हलगीवाल्यांना हाक दिली. मग जरा थांबून एक कुस्ती लावली. वीरेशला वाटलं, हातकणंगल्याचीच. ती नव्हती.

ती शाळकरी पोरांची जोड होती. ह्याच गावच्या यात्रेतली, सकाळच्या वेळची, जेव्हा मैदानात माणसांपेक्षा कुत्री जास्त असतात. एक पोरगं अंगाने काटक, दुसरं जरा भित्रं. भित्र्याने पट काढायला समोरच्याच्या पायाला हात घातला आणि तो हात अर्ध्यात थबकला. तेवढ्यात काटक पोराने ढाक मारून त्याला आडवं केलं. वीरेशचे कान तापले. ते भित्रं पोरगं त्याच्या ओळखीचं होतं. आठवीत होतं. पाठ टेकताच उठून जे पळालं ते लंगोटावरच एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलं होतं, आणि त्यानंतर आखाड्याकडे फिरकलं नव्हतं. बापाने मागे काय पुकारलं हे ऐकायला ते तिथे नव्हतंच. पुढची कैक वर्षं त्याने धरून ठेवलं होतं की बापाने काही पुकारलंच नसेल.

हेडफोनमध्ये श्वास आला, गेला. मग अगदी सावकाश:

"वीरेश नागाप्पा हुक्केरी... पडला. पर हात घालाय भ्याला न्हाय. थबाकला. भेनं येगळं, थबाकनं येगळं." आणि नंतर जिंकलेल्या पोराचं नाव, त्याचं गाव, त्याची तालीम.

रेकॉर्डिंग स्वच्छ झालं होतं. वीरेशने पुन्हा पुन्हा ऐकलं आणि त्यात एकही त्रुटी सापडली नाही.

यात्रेच्या दिवशी तो एकटाच गेला. आप्पांना न्यायची डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. मैदान भरलं होतं. हंबीररावांनी माईकवर दणकून सांगितलं, "आता आपल्या नागाप्पांचा आवाज!" टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, आणि मग मैदानाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून वारा वाहिल्यासारखं काहीतरी यायला लागलं.

लोक वाट बघत राहिले. बघता बघता सगळे गप्प झाले, शेंगावालासुद्धा. कर्ण्यांतून खस खस येत होतं. वीरेशला त्यातला शब्द न् शब्द कळत होता, कारण तो त्याला पाठ होता.

"मशीन गेलंय की!" मागून एकजण ओरडला. साउंडवाल्याने वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. खस खस आली. हंबीररावांनी एकदा वीरेशकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी हलगीवाल्याला हात केला. हलगी कडाडली, घुमकं घुमलं, आणि त्याच्याखाली आप्पा कुठेतरी बोलत राहिले. पहिली जोड आखाड्यात उतरली होती. निकाल सांगताना नव्या पुकारणाऱ्याने जिंकलेल्याचं नाव आधी घेतलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आप्पा जागेच होते. उशी पाठीशी घेऊन दाराकडे तोंड करून बसले होते.

"लावलं?"

"लावलं."

"ऐकू आलं मान्सांस्नी?"

वीरेशने चपला काढल्या, त्या नीट ओळीत लावल्या. "आलं की."

"काय म्हणाली?"

"सगळं मैदान गप्प झालं होतं, आप्पा. शेंगावालासुद्धा."

हे खरं होतं. आप्पांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

वैशाखात त्यांना गिळता येईना. डॉक्टरांनी घरीच सलाइन लावायला सांगितलं आणि रूपाली नावाची नर्स आली. तिने पिशवीतून बाटली काढली आणि भिंतीकडे बघितलं. खिळा नव्हता. खिडकीचा गज लांब पडत होता. वीरेश खुर्चीवर खुर्ची ठेवायच्या बेतात होता, तेवढ्यात दानेश्वरी हॉलमधून तो स्टँड ओढत ओढत घेऊन आली. फरशीवर ओरखडा उठला. तिने माईक काढला, टेबलावर ठेवला आणि आडवी दांडी वर केली. रूपालीने त्या टोकाला बाटली अडकवली आणि सवयीने स्टँड हलवून बघितला.

"अहो, हा तर अजिबात हलत नाही!" ती म्हणाली. "आमच्या दवाखान्यातले सगळे डुगडुगतात. कुठून घेतलात?"

"लक्ष्मीपुरीत," वीरेश म्हणाला.

"महाग असेल ना?"

"नाही. परवडतो."

सुई आत गेली. थेंब पडायला लागला. आप्पा वर बाटलीकडे बघत होते, तिथून काहीतरी पुकारलं जायची वाट बघावी तसे. त्यांचा हात चादरीवर थरथरत होता आणि नळी त्याच्याबरोबर थरथरत होती.

"हात धरून ठेवा हं," रूपाली म्हणाली. "नाहीतर सुई निघून येईल."

वीरेश पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने तो हात आपल्या हातात घेतला. कंप त्याच्या मनगटातून वर कोपरापर्यंत आला. हा ठेका त्याच्या ओळखीचा होता. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी हेडफोनमध्ये त्याने तो दोनदा ऐकला होता. त्याच्यावर तेव्हा काय काय बोललं जात होतं ते आठवायचा तो प्रयत्न करायला लागला. घिस्सा आठवला, पंचाची टोपी आठवली. ती नेमकी कुठे पडली होती, ते आठवेना.

"घट्ट धरा, घट्ट," रूपाली म्हणाली.

वीरेशने धरला. पण तिला दिसणार नाही इतपत तो हात त्याने थरथरू दिला.